'हार्बिन' : संयमाच्या बाजूने एक भांडण

ऐतिहासिक चित्रपट पाहून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकाच्या मुठी वळलेल्या असाव्यात, डोळे पाणावलेले असावेत आणि घोषणा देऊन घसा बसला असेल तर फारच उत्तम, अशी एक अलिखित अट हल्ली आपल्याकडे जवळजवळ सर्वमान्य झाली आहे. जो चित्रपट या अटीला उतरत नाही त्याच्यावर 'थंड' असा शिक्का बसतो, आणि एकदा हा शिक्का बसला की पुढची चर्चाच संपते. वू मिन-हो या दिग्दर्शकाच्या 'हार्बिन' (२०२४) या कोरियन चित्रपटाबाबत नेमके हेच घडताना आम्ही पाहतो आहोत. सर्वसामान्य प्रेक्षकाने तसे म्हटले असते तर आमची काहीच तक्रार नव्हती; तिकीट काढून बसणाऱ्याला कंटाळण्याचा पूर्ण हक्क आहे. परंतु ज्यांनी वर्गात रससिद्धान्त शिकवला आहे अथवा शिकून परीक्षा दिल्या आहेत, अशी मंडळीही जेव्हा 'छायाचित्रण सुंदर, पण रक्त काही सळसळत नाही' एवढा निकाल देऊन मोकळी होतात, तेव्हा भांडणे भाग पडते.

आम्ही मराठीचे अध्यापक. चित्रपटविद्येतला आमचा अधिकार बेताचाच, आणि कोरियन भाषा येत नसल्याने सबटायटल्सच्या आधाराने चित्रपट पाहिलेला. तरीही हा विषय आमच्या अंगणातला आहे असे आम्ही मानतो. कारण वाद छायाचित्रणाचा नाही. वीर कोणाला म्हणावे, आणि वीराची गोष्ट कोणत्या आवाजात सांगावी, हा तो वाद आहे. आणि तो साहित्याचाच आहे.

१

आधी थोडा इतिहास. २६ ऑक्टोबर १९०९ रोजी सकाळी मांचुरियातील हार्बिन स्थानकाच्या फलाटावर आन जुंग-गन या तीस वर्षांच्या कोरियन तरुणाने इतो हिरोबुमी यांच्यावर पिस्तुलातून गोळ्या झाडल्या. इतो हे जपानचे पहिले पंतप्रधान, मेइजी राज्यघटनेचे प्रमुख शिल्पकार, आणि १९०५ च्या कराराने कोरियाचा परराष्ट्रव्यवहार जपानच्या हाती गेल्यानंतर तेथे नेमले गेलेले पहिले रेसिडेंट-जनरल. रशियाचे अर्थमंत्री कोकोव्त्सोव यांना भेटण्यासाठी ते हार्बिनला आले होते. गोळ्या झाडून झाल्यावर आन यांनी कोरियाचा जयजयकार केला आणि ते पकडले गेले. रशियनांनी त्यांना जपानच्या स्वाधीन केले. पोर्ट आर्थर, म्हणजे आजचे ल्युशुन, येथे फेब्रुवारी १९१० मध्ये खटला चालला. १४ फेब्रुवारीला देहान्ताची शिक्षा झाली आणि २६ मार्चला फाशी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये कोरिया जपानी साम्राज्याने गिळला. आन यांचा देह कुटुंबाच्या हाती कधीच पडला नाही. सोलच्या ह्योचांग उद्यानात त्यांच्यासाठी राखलेली कबर आजही रिकामी आहे.

एवढी गोष्ट कोरियातल्या शाळकरी मुलांना ठाऊक असते. उत्तर कोरियाने १९७९ मध्ये तिच्यावर चित्रपट काढला. दक्षिणेत २००९ पासून 'हिरो' नावाचे संगीतक रंगभूमीवर आहे आणि त्याचा चित्रपटही २०२२ मध्ये आला. म्हणजे वू मिन-हो यांच्यापुढे प्रश्न कथानकाचा नव्हताच. शेवट सर्वांना माहीत असलेली, गायली गेलेली, पुतळ्यांत ओतली गेलेली गोष्ट पुन्हा सांगायची तर कशासाठी आणि कशी, हा त्यांचा प्रश्न होता. येथे एक योगायोग नोंदवण्यासारखा आहे. याच दिग्दर्शकाचा २०२० मधला 'द मॅन स्टँडिंग नेक्स्ट' हा चित्रपट दक्षिण कोरियाचे हुकूमशहा पार्क चुंग-ही यांच्या हत्येवर आधारलेला आहे, आणि ती हत्याही २६ ऑक्टोबरचीच, १९७९ मधली. राजकीय हत्या या विषयाकडे हा माणूस हौसेने वळलेला नाही, तो त्याच्यापाशी पुन्हा येतो आहे.

(पुढील विवेचनात इतिहासातल्या आन यांचा उल्लेख आम्ही आदरार्थी बहुवचनात आणि पडद्यावरच्या आनचा एकवचनात करतो आहोत. हा भेद पुढे उपयोगी पडेल.)

चित्रपट सुरू होतो तो गोठलेल्या तुमेन नदीवर. क्षितिजापर्यंत पसरलेले बर्फ आणि त्यावर एक काळा ठिपका. हा ठिपका म्हणजे आपला नायक. तो चालतो, कोसळतो, पुन्हा चालतो. चेहरा दिसायला वेळ लागतो, आणि तो चेहरा ह्यून बिन या लोकप्रिय नटाचा असूनही छायाचित्रकार होंग क्योंग-प्यो आपल्याला त्याच्याजवळ जाण्याची घाई करू देत नाहीत. मग मागची हकीकत कळते. सशस्त्र स्वयंसेवकांच्या तुकडीने जपानी सैनिकांशी झुंज दिली आहे, जिंकली आहे, आणि हाती लागलेल्या युद्धकैद्यांना आनने आंतरराष्ट्रीय कायद्याचा हवाला देऊन सोडून दिले आहे. सहकाऱ्यांचा विरोध होता. सुटलेल्यांनी उलटून हल्ला केला आणि आनची माणसे मारली गेली. नदी ओलांडून रशियन हद्दीत परतणारा हा माणूस विजयी वीर नाही. ज्याच्या निर्णयाने सोबती मेले तो सेनानी आहे. व्लादिवोस्तोकमध्ये उरलेले सोबती त्याच्याकडे संशयाने पाहतात. येथून हार्बिनच्या फलाटापर्यंतचा प्रवास म्हणजे हा चित्रपट.

२

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप अर्थातच थंडपणाचा. चित्रपटात वीररस नाही, असे म्हटले जाते.

आम्ही विचारतो, वीररसाचा स्थायीभाव कोणता? बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल : उत्साह. क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव आहे. भरताने हे दोन रस वेगळे ठेवले ते उगाच नव्हे. नाक फेंदारणे, डोळे लाल होणे, दातओठ खाणे, ही रौद्राची सामग्री आहे. वीराच्या अनुभावांत स्थैर्य आणि धैर्य येतात. आज ज्याला आपण पडद्यावरचा वीररस म्हणतो आणि ज्याच्या अभावी 'हार्बिन'ला नापास करतो, तो बहुतांशी रौद्ररस आहे, आणि तोही ढोलताशांच्या आधाराने उभा केलेला. शास्त्र आपल्याजवळ आहे, शिकवायला आहे, परीक्षेला आहे. फक्त चित्रपटगृहात जाताना आपण ते घरी ठेवून जातो.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. विश्वनाथाने 'साहित्यदर्पणा'त वीराचे चार प्रकार सांगितले : दानवीर, धर्मवीर, युद्धवीर आणि दयावीर. या चौकटीतून 'हार्बिन'कडे पाहिले तर काय दिसते? ज्या प्रसंगाला हा चित्रपट कणा मानतो तो गोळीबाराचा प्रसंग नाही. कैदी सोडण्याचा आहे. म्हणजे हा चित्रपट युद्धवीराच्या कथेत दयावीराची कथा शिरू देतो आणि मग त्या दोघांना समोरासमोर उभे करतो. दयेची किंमत सोबत्यांच्या प्राणांनी चुकवावी लागली. आता त्याच हाताने पिस्तूल उचलायचे आहे. हा पेच ढोल वाजवून सोडवता येत नाही. तो थंड आवाजातच मांडावा लागतो, कारण आवाज चढला की दोहोंपैकी एक बाजू ऐकू येईनाशी होते.

लढाईचे दृश्यच पाहा. चिखल आणि बर्फ यांत माणसे एकमेकांचे गळे दाबत आहेत, भोसकत आहेत, कोण कोणाचा हे कळेनासे झाले आहे. इतिहासातली ती मोहीम १९०८ च्या उन्हाळ्यातली. आन यांनी स्वतः पुढे तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात पाऊस, उपासमार आणि रानावनातली भटकंती यांचे वर्णन आहे. चित्रपटाने ती हिवाळ्यात नेली. इतिहासाची मोडतोड म्हणून यावर बोट ठेवता येईल, परंतु ऋतू बदलण्यामागचा हेतू उघड आहे. बर्फावर रक्त दिसते, आणि चिखलात गणवेश दिसत नाही. या लढाईत मरणारा जपानी सैनिकही माणूस म्हणूनच मरतो. ज्याला हे पाहून 'रक्त सळसळले नाही' असे वाटते त्याला आम्ही इतकेच म्हणू, की ते सळसळू नये अशीच योजना होती. रक्त गोठावे अशी होती.

आणि तो फलाटावरचा क्षण. ज्यासाठी एवढी पायपीट केली, तो क्षण दिग्दर्शक थेट वरून, उंचावरून दाखवतो. आनचा करारी चेहरा नाही, इतोंच्या कपाळावरचा घाम नाही, मंद गतीतली गोळी नाही. खाली माणसांच्या रांगा, त्यांतून पुढे सरकलेली एक आकृती, आवाज, आणि पडलेला देह. कोरियन इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध गोळीबार आपल्याला असा दिसतो, जसा तो आधीच मरून गेलेल्यांना दिसला असता. नदीवर मागे राहिलेल्या सोबत्यांची नजर म्हणा, काळाची नजर म्हणा. ती सूडाची नजर नाही एवढे नक्की. ज्याला हे दृश्य फसलेले वाटते त्याने सांगावे, की जवळून दाखवले असते तर आपण नेमके काय अधिक जाणले असते? आपल्याला हवे असलेले सुख मिळाले असते, हे मान्य. पण एका माणसाने दुसऱ्याला ठार मारताना पाहण्याचे सुख आम्हाला द्या, ही मागणी मोठ्याने उच्चारून पाहावी आणि मग ती करावी.

३

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चित्रपटाने स्वातंत्र्यवीराला संशयी, चाचरणारा, अपराधी भावनेने ग्रासलेला दाखवून त्याचे अवमूल्यन केले, असे म्हणणारे आहेत. दैवताला माणूस करण्याची ही आधुनिक खोड आहे, असेही त्यांचे म्हणणे.

या आक्षेपाला उत्तर देण्यासाठी सौंदर्यशास्त्राची गरज नाही. कागदपत्रे पुरेशी आहेत. कैदी सोडल्याची आणि त्यावरून सोबत्यांशी झालेल्या वादाची हकीकत दिग्दर्शकाने कल्पिलेली नाही. ती आन यांनीच आपल्या आत्मवृत्तात लिहिली आहे, पराभवासकट लिहिली आहे. ज्याला आपल्या अपयशाची नोंद फाशीच्या छायेत बसूनही गाळावीशी वाटली नाही, त्याच्या चरित्रातून ती गाळण्याचा अधिकार त्याच्या भक्तांना कोणी दिला?

आणि आन यांचे चरित्र सरळ रेषेत गेलेलेच नाही. १८९४ मध्ये दोंगहाक शेतकऱ्यांचा उठाव झाला तेव्हा त्यांच्या जमीनदार वडिलांनी उठावाच्या विरोधात तुकडी उभी केली होती, आणि किशोरवयीन आन वडिलांच्या बाजूने लढले होते. पुढे घराण्याने कॅथलिक पंथ स्वीकारला. आन यांचे ख्रिस्ती नाव थॉमस. १९०४ मध्ये रशिया-जपान युद्ध सुरू झाले तेव्हा पूर्वेच्या शांततेसाठी आणि कोरियाच्या स्वातंत्र्यासाठी आपण लढतो आहोत या जपानच्या घोषणेवर ज्या कोरियनांनी विश्वास ठेवला त्यांत आन होते. विश्वासघात झाल्यावर त्यांनी शाळा काढल्या, आणि १९०७ मध्ये कोरियन सम्राटाला पदच्युत करून सैन्य मोडीत काढले गेल्यावर ते देश सोडून रशियाच्या पूर्व टोकाला गेले. हा विचार बदलत गेलेला, चुकांतून शिकलेला माणूस आहे. त्याला जन्मतः घडीव पुतळा म्हणून उभा करणे हेच त्याचे अवमूल्यन होय. पुतळ्याला निर्णय घ्यावा लागत नाही.

'हिरो'शी तुलना येथे अटळ आहे. त्या चित्रपटाला आम्ही तुच्छ लेखत नाही. संगीतकाचे नियम वेगळे, आणि मुलाच्या मरणाला सामोरे जाणारी आई तेथे गाते तेव्हा डोळे कोरडे ठेवणे आम्हालाही जमले नसते. परंतु गाणे म्हणजे निश्चिती. जो गातो त्याला आपण काय करतो आहोत हे ठाऊक असते. 'हार्बिन'मधला आन गाऊ शकत नाही, कारण त्याने सोडलेल्या कैद्यामुळे मेलेल्यांचा हिशेब अद्याप मिटलेला नाही. डाव्या हाताच्या अनामिकेचे पेर कापून घेण्याची इतिहासप्रसिद्ध शपथ या पार्श्वभूमीवर वाचली म्हणजे तिच्यातला आवेश कमी होतो आणि ऋण दिसू लागते. ज्यांना आवेश हवा त्यांच्यासाठी एक चित्रपट आहेच. प्रत्येक चित्रपट तोच असावा, हा हट्ट का?

४

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत जवळचा, कारण तो आमच्याच बिरादरीतून येतो. संयम हा उच्चभ्रूंचा शौक आहे; सामान्य माणसाला भावना हवी असते आणि महोत्सवी प्रेक्षकाला मौन; 'हार्बिन' टोरंटोच्या महोत्सवासाठी काढलेला चित्रपट आहे, वगैरे.

वस्तुस्थिती तशी नाही. टोरंटोला पहिला खेळ झाला हे खरे, पण कोरियात तो २४ डिसेंबर २०२४ रोजी सर्वसाधारण चित्रपटगृहांत लागला आणि चाळीस लाखांहून अधिक प्रेक्षकांनी तो पाहिला. आणि कोणत्या दिवसांत? ३ डिसेंबरच्या रात्री राष्ट्राध्यक्ष यून सुक-योल यांनी लष्करी कायदा पुकारला होता, नागरिक थंडीत संसदेपुढे जमले होते, काही तासांत संसदेने तो कायदा फेटाळला होता आणि १४ डिसेंबरला यून यांच्यावर महाभियोगाचा ठराव मंजूर झाला होता. त्या वातावरणात लोक हा 'थंड' चित्रपट पाहायला गेले. चित्रपटात इतो (लिली फ्रँकी या जपानी नटाने साकारलेले) एके ठिकाणी अशा आशयाचे बोलतात, की या देशाचे राजे मूर्ख आणि विद्वान भ्रष्ट, पण जनता मात्र फार त्रासदायक. तिला राज्याने काही दिले नसताना संकटाच्या वेळी तीच उभी राहते. हे वाक्य त्या डिसेंबरात कोरियनांनी कसे ऐकले असेल याची कल्पना करावी. ते नायकाच्या तोंडी असते तर घोषणा झाले असते, टाळ्या पडल्या असत्या आणि विरले असते. ते शत्रूच्या तोंडी, कुत्सित स्वरात, हळू आवाजात येते. म्हणून ते घरापर्यंत सोबत जाते. सामान्य प्रेक्षकाला हे कळत नाही असे मानणारा समीक्षकच खरा उच्चभ्रू होय.

५

येथवर आम्ही चित्रपटाची वकिली केली. आता त्याच्याशी भांडतो. कारण संयमाच्या नावाने वाटेल त्या उणिवेवर पांघरूण घालणारा दुसरा एक पंथ आहे, आणि त्याच्याशीही आमचे पटत नाही. या पंथाच्या मते जे सांगितले नाही ते सर्व सूचित. हे ध्वनिसिद्धान्ताचे विडंबन आहे. व्यंग्यार्थ निघायला वाच्यार्थाचा आधार लागतो. जे मांडलेच नाही त्यातून काही ध्वनित होत नाही.

'हार्बिन'ने जे मांडले नाही ते असे. पोर्ट आर्थरच्या न्यायालयात आन यांनी एक मागणी सातत्याने केली : मी खुनी नाही, मी स्वातंत्र्यसेनेचा अधिकारी या नात्याने शत्रूवर हल्ला केला, मला युद्धकैदी माना आणि आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार वागवा. इतोंना मारण्याची पंधरा कारणे त्यांनी सांगितली. त्यांतले पहिले १८९५ मधील कोरियन राणीच्या हत्येचे. शिक्षेविरुद्ध अपील केले नाही. तुरुंगात 'पूर्वेच्या शांततेविषयी' हा प्रबंध लिहायला घेतला आणि तो अपुरा राहिला. कोरिया, चीन आणि जपान यांनी एकत्र येऊन पोर्ट आर्थर हे शांततेचे केंद्र करावे, सामाईक बँक आणि सामाईक सेना असावी, असे विचार त्यांनी तेथील न्यायाधिकाऱ्यापुढे मांडले होते. जपानचा समूळ द्वेष करणारा माणूस असे लिहीत नाही. त्यांचा पहारेकरी असलेला एक जपानी शिपाई मायदेशी परतल्यावर आयुष्यभर त्यांच्या स्मृतीला वंदन करीत राहिला, ही गोष्टही इतिहासात आहे.

आता कैदी सोडण्याचा प्रसंग पुन्हा आठवावा. १९०८ मध्ये ज्या कायद्याच्या आधारे आन यांनी शत्रूला जीवदान दिले, तोच कायदा १९१० मध्ये त्यांनी स्वतःसाठी मागितला, आणि शत्रूने तो नाकारला. एकाच दोऱ्याची ही दोन टोके आहेत. आधी देऊन मगच मागितलेला न्याय, हे आन यांच्या चरित्राचे मर्म आहे. चित्रपटाने पहिले टोक अप्रतिम हातोटीने पकडले आणि दुसरे सोडून दिले. खटल्याला येथे जवळजवळ जागाच नाही. परिणाम असा, की आनने कैदी का सोडले हे प्रेक्षकाला शेवटपर्यंत नीट उमगत नाही. भला माणूस होता म्हणून सोडले असावेत, एवढेच हाती लागते. भलेपणा हा स्वभाव असतो. आन यांचा तो विचार होता.

खटला गाळून वाचवलेला वेळ कशावर गेला? फितूर कोण, या कोड्यावर. संघटनेत जपान्यांचा एक खबऱ्या आहे आणि तो शोधायचा आहे; त्यापायी आगगाडीतला पाठलाग, परस्परांवरचे संशय, आणि आनच्या मागावर असलेला मोरी नावाचा जपानी लष्करी अधिकारी. हा मोरी काल्पनिक आहे, आणि तो जितका पुढे येतो तितके चित्रपटातले नैतिक कोडे सोपे होत जाते. जीवदान मिळाल्याचा अपमान सहन न होणारा शत्रू ही कल्पना मुळात समर्थ आहे. पण तिचा उपयोग शेवटी रहस्यपटाच्या सोयीसाठी झाला. जो दिग्दर्शक बर्फावरचा एक ठिपका मिनिटभर पाहायला लावण्याचे धाडस करतो, त्याने न्यायालयातला एक माणूस दहा मिनिटे बोलताना ऐकवण्याचे धाडस का करू नये? शब्द पडद्यावर कंटाळवाणे होतात, ही समजूत येथे आड आली असावी. शब्दांवर जगणाऱ्या आम्हा लोकांना ती पटत नाही.

आणि शेवटी, जे मौनाने कमावले ते निवेदनाने खर्च केले. अंधार दाटेल, वारा सुटेल, तरी दिवा पेटता ठेवायचा, लोक जमतील, अशा आशयाचे आनचे स्वगत बर्फावरच्या चालीवर ऐकू येते. भावना खरी आहे. त्या डिसेंबरात मेणबत्त्या आणि दिवे घेऊन रस्त्यावर उतरलेल्या कोरियनांना ती आपलीच वाटली असेल. पण ज्या चित्रपटाने दोन तास आपल्यावर विश्वास टाकला, त्याने जाता जाता अर्थ समजावून सांगावा हे आम्हाला खटकले.

६

कोणी म्हणेल, परक्या देशातल्या एका चित्रपटावरून एवढा कंठशोष कशाला? याचे उत्तर एका शब्दाभोवती आहे. जानेवारी २०१४ मध्ये हार्बिन स्थानकात आन यांचे स्मारक उघडले गेले, तेव्हा जपान सरकारचे तत्कालीन मुख्य प्रवक्ते सुगा योशिहिदे यांनी आन यांना 'दहशतवादी' म्हटले आणि कोरियाने त्याचा निषेध केला. एकाचा वीर तो दुसऱ्याचा खुनी, या वाक्यावर अशा वादांचा शेवट होतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. हे वाक्य आळशी आहे. वीर आणि खुनी यांत भेद करणारी काही कसोटी असते का, हा खरा प्रश्न आहे, आणि आन यांनी स्वतः कसोटी पुढे केली होती : शत्रू ताब्यात असताना तुम्ही त्याच्याशी कसे वागता? गोळी कोणीही झाडू शकतो. कैदी सोडून, त्याची किंमत मोजून, तरीही तो कायदा न टाकणारा माणूस विरळा. आवेशाचा चित्रपट ही कसोटी दाखवूच शकत नाही, कारण आवेशाला कैदी सोडणे हा वेडेपणाच वाटतो. म्हणून येथे संयम ही केवळ शैली उरत नाही, तो पुरावा होतो.

मराठी प्रेक्षकाला हे अपरिचित असण्याचे कारण नाही. रँडच्या हत्येवरचा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांचा '२२ जून १८९७' हा मराठी चित्रपट १९७९ मध्येच येऊन गेला आहे. गणेशखिंडीतल्या त्या रात्रीची गोष्टही आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून आणि पोवाड्याच्या सुरात पोचलेली होती. त्या चित्रपटाने आवाज खाली आणला, चापेकर बंधूंना त्यांच्या काळात, त्यांच्या घरात, त्यांच्या सनातनी समजुतींसह उभे केले. त्याने चापेकर लहान झाले असे कोणा जाणत्याने म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. फितुरीचा धागा तेथेही होता, फाशी तेथेही होती. आन आणि चापेकर यांच्या विचारांत मोठे अंतर आहे, आणि ते पुसण्याचा आमचा मुळीच इरादा नाही. मुद्दा सांगण्याच्या रीतीचा आहे. ती रीत आपल्या भाषेत पंचेचाळीस वर्षांपूर्वी सिद्ध झालेली असताना आज तीच रीत कोरियातून आली की आपण तिला थंड म्हणतो, याचा अर्थ एवढाच, की मधल्या काळात आपले कान बिघडले.

हे कान वर्गातही बिघडतात. ऐतिहासिक कादंबरीवरच्या उत्तरपत्रिका तपासताना 'ओजस्वी', 'धगधगते', 'रोमांचकारी' ही विशेषणे आम्ही इतकी वाचली आहेत, की कादंबरी कोणतीही असो, उत्तर एकच असते. नायकाने कोणता निर्णय घेतला, कोणता पर्याय टाकला, त्याची किंमत कोणी मोजली, हे प्रश्न विद्यार्थ्याला सुचत नाहीत, कारण ते विचारले जात नाहीत. आमची सूचना साधी आहे. रससिद्धान्ताच्या तासाला वीररस शिकवताना नेहमीची उदाहरणे द्यावीतच. त्यानंतर 'हार्बिन'मधला कैदी सोडण्याचा प्रसंग दाखवावा आणि विचारावे, हा कोणता वीर? वर्गात भांडण लागेल. कोणी म्हणेल, हा मूर्खपणा, यामुळे माणसे मेली. कोणी म्हणेल, हाच खरा वीर. त्या भांडणात उत्साह असेल, आणि उत्साह हाच वीराचा स्थायीभाव आहे, हे मग वेगळे शिकवावे लागणार नाही.